तारेचे खांब आणि ढगातला क्लस्टर

मंडळी, मधले काही विकांत इथे काहीच लिहिलं नाही. कारण सरळ आहे. सगळे शनिवार-रविवार एकाच कामात गेले. परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटासाठी निरोप पाठवायची यंत्रणा उभी करत होतो. विजांचा इशारा, कपाशीवरच्या बोंडअळीचा सल्ला, मोंढ्यातला आजचा भाव, असे निरोप सभासदांच्या फोनवर जायला हवेत आणि त्यांचे प्रश्न उलट गटाकडे यायला हवेत, एवढीच मागणी. ही यंत्रणा आता क्लाउडवर, मॅनेज्ड कुबरनेटिस क्लस्टरवर चालते आहे.

ती बसवायची कशी, याच्या पायऱ्या इथे देत नाही. तसल्या पाककृती जालावर ढिगाने सापडतील. मला लिहायचंय ते त्यातल्या 'मॅनेज्ड' या एका शब्दाबद्दल. आपण आयटीवाले हा शब्द असा वापरतो की जणू तो आपल्याच पिढीत जन्माला आला! पण दुसऱ्याने उभारलेली, दुसऱ्यानेच चालवलेली आणि आपण पैसे भरून वापरायची व्यवस्था परभणीकरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिली आहे. तिचे फायदे घेतलेत आणि तिची किंमतही मोजली आहे. क्लस्टरचे निर्णय घेताना मला हा इतिहास फार उपयोगी पडला, म्हणून हा लेख.

आधी पार्श्वभूमी. १९४८ पर्यंत परभणी निझामाच्या हैदराबाद संस्थानात होती. या संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं. १८६९ मध्ये त्याचं पहिलं तिकीट निघालं. १८७१ च्या सुमाराची तिकिटं बघितलीत तर गंमत वाटेल. त्यांच्यावर किंमत चार लिप्यांत छापलेली आहे - फारसी वळणाची उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि आपली देवनागरी. ज्या राज्याचा कारभार मराठीत चालत नव्हता, त्यानेही ओळखलं होतं की तिकीट विकत घेणाऱ्याला त्यावरची किंमत वाचता आली पाहिजे. आज आपण याला भारदस्तपणे 'लोकलायझेशन' म्हणतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचं टपालही चालायचं. म्हणजे एकाच मुलखात दोन खाती, दोन तिकिटं. आणि तारायंत्र? ते तर ब्रिटिश सरकारच्याच हातात. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारेची लाईन झाली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत तिचं जाळं हिंदुस्थानभर पसरलं. पत्र संस्थानाचं, पण तातडीचा निरोप साहेबाच्या तारेवरून! आजच्या भाषेत सांगायचं तर आपलं थोडं सामान आपल्या सर्व्हरवर आणि घाईचं काम दुसऱ्याच्या.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे रेल्वे. निरोपांच्या लेखात रेल्वे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्या काळात रूळ आणि तार ही जोडगोळी होती. रुळांच्या कडेने खांब जायचे, कारण स्टेशनांना गाड्यांची खबर एकमेकांना द्यावीच लागायची. एकदा खांब उभे राहिले की त्याच तारांवरून लोकांचे निरोपही जात. कित्येक गावांसाठी सगळ्यात जवळचं तार ऑफिस म्हणजे रेल्वे स्टेशनच.

हैदराबाद संस्थानात रेल्वे कोणी चालवायची यावरून १८८३ मध्ये मोठं वादळ उठलं होतं. प्रस्ताव असा होता की लंडनमध्ये एक कंपनी काढायची, तिने भांडवल उभं करायचं, सध्याची लाईन तिच्या ताब्यात द्यायची, पुढे चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या दिशेने ती वाढवायची आणि संस्थानाने त्या भांडवलावर वीस वर्षं दरसाल पाच टक्के परताव्याची हमी द्यायची. रेल्वे नफ्यात असो की तोट्यात, पाच टक्के ठरलेले! म्हणूनच कंपनीच्या नावातही 'हमी' आली - निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. आज आपण 'अमुक इतका वापर करूच' असं लिहून देऊन क्लाउडवाल्यांशी तीन वर्षांचा करार करतो ना, त्याचीच ही पणजी.

हैदराबादेतल्या काही सुशिक्षित मंडळींनी या कराराला जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. कराराच्या अटी लोकांसमोर ठेवा, त्या नीट तपासू द्या, मग सही करा. त्यांत पुढे होते अघोरनाथ चट्टोपाध्याय, हैदराबादेतल्या कॉलेजचे प्राचार्य आणि सरोजिनी नायडूंचे वडील. बक्षीस काय मिळालं? संस्थानातून हद्दपारी! (पुढे त्यांना परत बोलावलं, ही गोष्ट वेगळी.) करार व्हायचा तो झालाच. कराराच्या अटी वाचू द्या म्हणणारा माणूस मीटिंगमध्ये कोणालाच आवडत नाही, हे तेव्हापासूनचं आहे :-)

आपल्या परभणीतून गेलेली लाईन याच्या थोडी नंतरची. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, सिकंदराबाद ते मनमाड, सहाशेहून जास्त किलोमीटर. १८९९ ते १९०१ या काळात ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि चालवायला गेली त्याच गॅरंटीड कंपनीकडे. पूर्णा, परभणी, मानवत रोड, सेलू ही सगळी या लाईनवरची स्टेशनं. हेच ते दुष्काळाचे दिवस, १८९९-१९०० चे. रूळ पडले आणि या भागाचा कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. सोबत तार आली. मुंबईच्या बाजाराची खबर मिळायला पूर्वी कित्येक दिवस लागत, ती आता काही तासांत मिळू शकत होती. परभणीसाठी तो काळ म्हणजे एकदम ब्रॉडबँडच.

हे सगळं संस्थानाने एकट्याने उभारलं असतं का? अवघड होतं. इंजिनं, रूळ, इंजिनियर आणि मुख्य म्हणजे भांडवल, सगळंच बाहेरून आणायचं. चालवायला कंपनी घेणं हा निर्णय वेडगळ मुळीच नव्हता. मग बोच कुठे आहे? ती आहे दोन ठिकाणी.

पहिली म्हणजे रुळांची रुंदी. मुंबईकडून मनमाडला येणारी जी.आय.पी. रेल्वे ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. मनमाडहून परभणीकडे येणारी लाईन मीटरगेज, १००० मिलिमीटर. कारण स्वस्त पडतं. परिणाम असा की परभणीची प्रत्येक गासडी मनमाडला एका डब्यातून उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. प्रत्येक प्रवाशाने ट्रंक-वळकटी घेऊन फलाट बदलायचा. ही हमाली किती वर्षं चालली असेल? नव्वदच्या दशकात मनमाडपासून ब्रॉडगेज आलं तोवर. बांधकामाच्या वेळी वाचवलेल्या पैशासाठी सुमारे नव्वद वर्षं भुर्दंड!

दुसरी गोष्ट म्हणजे ताबा. संस्थानाने १९३० मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि रेल्वे सरकारी झाली. म्हणजे आपल्याच मुलखातून जाणारी, आपल्याच हमीवर उभी राहिलेली गोष्ट पैसे मोजून आपली करून घेतली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १ एप्रिल १९५० ला निझामाचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं. ते काम तुलनेने सोपं गेलं असणार, कारण पत्र हे पत्रच असतं, तिकीट बदललं की झालं. रेल्वेचं तसं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, राजधानी मुंबई झाली. पण परभणी स्टेशन आजही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आहे आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला! नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा ही मराठवाड्याची मागणी किती जुनी आहे, ते तिथल्या कोणालाही विचारा. राज्य बदललं, राजधानी बदलली, कंट्रोल प्लेन मात्र होतं तिथेच राहिलं.

'कंट्रोल प्लेन' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण मॅनेज्ड कुबरनेटिसमध्ये तुम्ही नेमकी तीच गोष्ट दुसऱ्याच्या हवाली करता. ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुबरनेटिस म्हणजे ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा. गूगलने जून २०१४ मध्ये ते जाहीर केलं, जुलै २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. तुमचं सॉफ्टवेअर छोट्या छोट्या डब्यांत बांधून द्यायचं आणि सांगायचं, 'याच्या चार प्रती कायम चालू ठेव'. एखादी पडली की सुकाणूवाला दुसरी उभी करतो. एखादं मशीनच गेलं तर त्यावरचं काम दुसऱ्या मशीनवर हलवतो. हे सगळं ठरवणारा मेंदू म्हणजे कंट्रोल प्लेन. तो स्वतः सांभाळणं हे पूर्णवेळ काम आहे. म्हणून मोठ्या क्लाउड कंपन्या तो भाड्याने चालवून देतात. २०१८ पर्यंत तिन्ही मोठ्या कंपन्यांकडे ही सोय आली होती.

आणि ही मशीनं असतात कुठे? मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला सोय केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईला, गूगलने २०१७ मध्ये मुंबईला. आणि २०२२ मध्ये ॲमेझॉनने आणखी एक जागा निवडली - हैदराबाद! म्हणजे जिंतूरच्या एका वाडीतून शेजारच्या वाडीत जाणारा निरोप आज पुन्हा हैदराबादमार्गे जाऊ शकतो. निझाम हसत असेल. अंतराची काळजी मात्र करू नका. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पाचशे किलोमीटर म्हणजे अडीच मिलिसेकंद. खरी अडचण शेवटच्या किलोमीटरला आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी एक प्रश्न. शेतकरी गटाला कुबरनेटिस कशाला, डोंगर पोखरून उंदीर? रास्त शंका आहे. नुसते भाव कळवायचे असते तर एक साधा सर्व्हर पुरला असता. पण विजांच्या इशाऱ्याची तऱ्हा वेगळी. दिवसभर सामसूम आणि आभाळ भरून आलं की पाच मिनिटांत काही हजार निरोप! आणि नेमक्या त्याच वेळी यंत्रणा पडलेली चालत नाही. म्हणून तीन वेगवेगळ्या इमारतींत पसरलेली, गर्दीला वाढणारी, पडली तर आपली आपण उठणारी व्यवस्था हवी होती. ती दोन-तीन माणसांनी विकांताला सांभाळायची, तर कंट्रोल प्लेन भाड्यानेच घ्यावा लागतो. संस्थानाने कंपनी का घेतली, ते मला तेव्हा नीट समजलं.

निरोप साठवायला आम्ही रॅबिट-एमक्यू ही रांग वापरली. तिच्या मागेही टेलिफोनचा इतिहास आहे. ती अर्लांग भाषेत लिहिलेली आहे. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ च्या सुमारास जन्मली, खास टेलिफोन एक्स्चेंजसाठी. तिचा सिद्धांत असा की एखादा भाग कोलमडला तर कोलमडू दे, वर बसलेला देखरेख्या त्याला लगेच पुन्हा उभा करेल. व्हॉट्सॲपचे सर्व्हरही याच भाषेवर वाढले. कुबरनेटिस मशीनांच्या पातळीवर जे करतं ते अर्लांग प्रोग्रामच्या आत तीसेक वर्षं आधीपासून करत होती.

गंमत म्हणजे त्याच वर्षांत आपल्याकडेही एक्स्चेंज बनत होतं. १९८४ मध्ये सी-डॉट सुरू झाली. त्यांनी खेड्यांसाठी १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज केलं आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसवलं. त्याचा सगळ्यात मोठा गुण काय असेल, तर त्याला एसी लागत नव्हता. परदेशी एक्स्चेंजला गारेगार खोली हवी, आपल्याकडे वीजही धड नाही. उन्हाळ्यात परभणीला राहिलेल्या माणसाला या गुणाची किंमत सांगायला नको! ते यंत्र करणाऱ्यांनी आधी खेडं पाहिलं आणि मग आराखडा काढला.

त्यापुढचा काळ तुमच्यापैकी अनेकांच्या लहानपणीचा. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ, आणि लग्नपत्रिकेवर छापलेला 'पी.पी.' नंबर. फोन शेजारच्यांचा, निरोप आपला. 'पाच मिनिटांनी परत करतो, त्यांना बोलावून ठेवा' असं सांगायचं आणि तिकडे कोणीतरी पोरगं पळत हाक मारायला जायचं. यंत्र गल्लीपर्यंत यायचं, पुढचं अंतर ते पोरगं कापायचं.

तारेचंही तसंच होतं. तार पाठवण्यात फार शिस्त होती. निरोपासोबत त्यातल्या शब्दांची संख्या पाठवायची. घेणाऱ्याने शब्द मोजायचे, संख्या जुळली नाही तर पुन्हा मागायची. आपला चेकसम! मधल्या ऑफिसात लाईन बंद असेल तर निरोप लिहून ठेवायचा, लाईन आली की पुढे ढकलायचा. आपली रांग! पण तारबाबूचं कडकट्ट संपलं म्हणजे तार पोचली असं कोणी म्हणत नसे. खाकी कपड्यातला माणूस सायकलवरून घर शोधत यायचा, सही घ्यायचा, मग ती पोचली. आणि बहुतेक घरांत ती वाचून दाखवायलाही दुसरंच कोणी लागायचं. 'तार आली' एवढं ऐकूनच बायका रडायला लागत, मजकूर नंतर. तार पाठवण्यामागचं तंत्र साहेबाचं होतं, पण तार ऑफिसची अब्रू त्या सायकलवाल्याच्या हातात होती.

भारतातली तार सेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री संपली. आणि १६ जुलै २०१३ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते केंद्र सरकारच्या एम-किसान पोर्टलचं उद्घाटन झालं, शेतकऱ्यांना एसएमएसवर सल्ला पाठवण्यासाठी. मध्ये अख्खा एक दिवस! योगायोगच असेल, पण मला ही तारीख फार आवडते. परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थांकडे शेतकऱ्याला सांगण्यासारखं ज्ञान आधीपासून होतं (विद्यापीठ १९७२ चं, वसंतराव नाईकांचं नाव २०१३ मध्ये मिळालं). आकाशवाणी परभणी ते ज्ञान घरोघर पोचवत होतीच. आता ते खिशात जाणार होतं.

पण खिशात जाताना एक जकात भरावी लागते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत सर्वसाधारणपणे ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. ७० च्या वर गेलात की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. १८७१ मध्ये मराठी वाचणाऱ्याला तिकिटाचे जास्त पैसे पडत नव्हते, आज मराठी वाचणाऱ्याला निरोप पाठवायचे पडतात! शिवाय ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे संस्थेचा एसएमएस पाठवायचा तर मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे ऐनवेळी शब्द बदलायची सोय नाही. विजांच्या इशाऱ्याचा मजकूर ठरवायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली. शेवटी ठरला तो असा : 'पुढच्या तासात विजांची शक्यता. शेतात थांबू नका, झाडाखाली उभे राहू नका.' मोजून ६९. सगळ्या प्रकल्पातली ही माझी सर्वात आवडती ओळ. क्लस्टरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा माणूस वाचण्याशी तिचा संबंध जास्त आहे.

कारण मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं जातात, दरवर्षी जातात. जाणारा बहुतेकदा शेतात असतो, पावसाने गाठलं म्हणून झाडाखाली थांबलेला असतो. त्याला अर्धा तास आधी कळलं तर तो घरी पोचू शकतो. इथे 'निरोप पाठवला' आणि 'निरोप पोचला' यातला फरक डॅशबोर्डवरच्या हिरव्या ठिपक्याचा राहत नाही.

आता त्या दोन बोचणाऱ्या गोष्टींचं काय केलं, ते सांगतो.

रुळाच्या रुंदीवरून घेतलेला धडा : जे सांभाळायला देतोय ते द्यावं, पण माप आपलं असावं. क्लाउड कंपनीकडे स्वतःची खास रांग, स्वतःचा खास डेटाबेस असतो. सुरुवातीला स्वस्त, बसवायला सोपा. आम्ही तो घेतला नाही. रॅबिट-एमक्यू आणि पोस्टग्रेस या सगळीकडे चालणाऱ्या गोष्टी घेतल्या. उद्या दुसऱ्या कंपनीकडे जायचं झालं तर मनमाडला गासड्या उतरवाव्या लागू नयेत. थोडं काम वाढतं हे खरं. रांगेच्या तीन प्रती तीन इमारतींत ठेवायच्या, तीनपैकी दोन जागी निरोप लिहिला गेला की मगच 'मिळाला' म्हणायचं, हे सगळं आपल्याला बघावं लागतं. मशीन बदलताना क्लस्टर चालू प्रोग्रामला आवरायला मुळात ३० सेकंद देतो. हजारो फोनांची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामला तेवढे पुरत नाहीत, म्हणून तो वेळ वाढवून घ्यायचा. आणि सगळे फोन एकदम परत जोडायला धावू नयेत म्हणून प्रत्येकाने थोडा वेगवेगळा वेळ थांबायचं. कुबरनेटिसची प्रत्येक आवृत्ती साधारण चौदा महिने सांभाळली जाते. मग तुमची इच्छा असो-नसो, पुढे सरकायचं. हा हप्ता पाच टक्क्यांच्या हमीसारखाच, पीक येवो न येवो, भरायचाच.

ताब्यावरून घेतलेला धडा : परत कसं घ्यायचं ते पहिल्याच दिवशी ठरवायचं. सभासदांची यादी आणि निरोपांची नोंद दर आठवड्याला साध्या फाईलमध्ये गटाच्या स्वतःच्या संगणकावर उतरते. गटाला उद्या आम्ही नकोसे झालो तरी त्यांचं काही अडू नये. अघोरनाथांनी मागितलं होतं तेच, अटी आधी वाचू द्या. ते आम्ही गटाच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवलं. एका काकांनी विचारलं, "म्हणजे भाड्याची बैलजोडी, पण पेरणी आमचीच ना?" याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या कॉन्फरन्समध्ये ऐकायला मिळालेली नाही.

राहिला शेवटचा किलोमीटर. तो कुठलीच क्लाउड कंपनी मॅनेज करून देत नाही. फोन बंद असतो, टॉवरची वीज गेलेली असते, फोन पोरगं शाळेला घेऊन गेलेलं असतं. म्हणून यंत्रणा पायऱ्या उतरते. आधी ॲपवर निरोप. ठरलेल्या वेळेत पोच आली नाही तर एसएमएस. त्याचीही पोच नाही तर त्या गावातल्या नेमलेल्या माणसाला फोन, आणि मग त्याने भोंग्यावरून सांगायचं. पूर्वी कोतवाल दवंडी पिटायचा, ही तीच दवंडी. सरकारनेही अखेर हाच मार्ग धरलाय बघा. २०२३ मध्ये तुमचा फोन अचानक कर्कश ओरडला होता, आठवतंय? ती टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदम जाणाऱ्या इशाऱ्याची चाचणी होती. नंबर लागत नाही, यादी लागत नाही, टापूत आहात म्हणजे ऐकू येणार. डिजिटल दवंडीच ती. आणि ती बनवली कोणी? त्याच सी-डॉटने.

गावात नेमलेल्या या माणसांची यादी हा आमच्या यंत्रणेचा सगळ्यात जुनाट भाग. एक वही, तिच्यात गावाचं नाव आणि दोन-दोन नंबर. तिचा बॅकअप आहे, पण ती आपोआप ताजी होत नाही. दर पावसाळ्याच्या तोंडाशी कोणीतरी बसून एकेकाला फोन करून विचारायचं, 'दादा, यंदा पण तुम्हीच ना?' या वर्षीचे फोन करून झाले. काही नंबर बदलले होते, एक जण पुण्याला नोकरीला लागला होता, त्याच्या जागी त्याच्या आईने नाव दिलं.

असो. लेख लांबला. तुमच्या गावच्या तार ऑफिसची, पी.पी. नंबरची किंवा मनमाडच्या फलाटावरच्या धावपळीची आठवण असेल तर जरूर कळवा. आणि सोमवारी हाफिसात गेल्यावर एक करा. तुमच्या मॅनेज्ड सेवेचा करार उघडा आणि बाहेर पडायचं कलम कुठे आहे ते शोधा. नसेल, तर निदान रुळांची रुंदी तरी मोजून ठेवा.